जेवणातला पेला

मिस्टर आर्मिंदो,

आम्ही खेळाडू तुम्हाला मिस्टर म्हणायचो, आता मी प्रशिक्षक झाल्यावर फुटबॉल क्लबातली पोरं मला म्हणतात. तुम्ही घातलेली रीत मी मोडलेली नाही. सामन्याआधीच्या जेवणात प्रशिक्षक ज्याच्यापुढे वाइनचा पेला ठेवेल, तो आज खेळणार नाही. तोंडाने काही सांगायचं नाही.

तुम्ही मात्र मला सांगितलंत. माझा शेवटचा सामना होता, वडील सेतूबलहून बसने आले होते, पाय ठणठणीत होता. पेला ठेवून तुम्ही म्हणालात, "पी लिसिनियो, आता कुणासाठी जपायचंय?" सगळे हसले.

काल तुमच्या मुलाचा, दुआर्तचा, निरोपाचा सामना होता. पहिल्या रांगेत तुमची चाकांची खुर्ची, मांडीवर फुलं. पाय त्याचाही ठणठणीत होता. आधीच्या जेवणात मी त्याच्यापुढे पेला काठोकाठ भरला आणि तुमचंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. सगळे हसले. तो एका दमात प्यायला.

सामना संपल्यावर मी मुद्दाम तुमच्यापाशी आलो. वीस वर्षं मला तुमचा पडलेला चेहरा बघायचा होता. तुम्ही दुआर्तचा हात धरून विचारत होता, "किती गोल मारलेस रे?"

तुम्हाला आता काही आठवत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"दोन, बाबा," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

मग तुम्ही ती फुलं माझ्या हातात दिलीत. "उपकार झाले, मिस्टर. पोराला खेळवलंत."

मी ती घेतली.

तुमचा सात नंबर,
लिसिनियो