चौदा खांबांचा चढ

सोमवार, ३ मार्च

उतरावं लागलं! आठव्या खांबापाशी. टाकीकडे जाणाऱ्या त्या चढावर विजेचे चौदा खांब आहेत. शाळेत असताना मैत्रिणीला मागे बसवून मी तो एका दमात चढायचे. आज मागे फक्त डबा — आणि छातीचा भाता झाला. सात वर्षांनी सायकल काढली, हे खरं. पण वय चोवीस आहे, चौऱ्याहत्तर नाही.

आमचं पाणीखात्याचं ऑफिस टाकीपाशी हललं. तिकडे बस जात नाही. दुसरा इलाज नाही.

मंगळवार, ४ मार्च

सहावा खांब. प्रगती उलटी!

गुरुवार, ६ मार्च

मीटरचे आकडे उतरवताना दोनदा ओळ चुकले. तिसऱ्यांदा तपासलं म्हणून सापडलं, नाहीतर एकाचं पाणी दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. डोकं टेबलावर ठेवावंसं वाटतं. झोपून उठते तीच दमलेली.

घरी सांगायची सोय नाही. आई दिवसभर शाळेच्या फरश्या पुसते, बाबा हातगाडी ओढतात. काल नुसतं "दमले गं" म्हटलं, तर आई हसून म्हणाली, "पंख्याखाली बसून कसला गं शीण, मास्तरीणबाई?" टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. घरात शिकलेली मी पहिली. खुर्चीतलं दमणं इथे कुणी पाहिलेलंच नाही. मलाही ओळखता येत नाही — हा आळस की आजार?

शेवटी ऑफिसच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली.

"किती दिवस झाले असं होतंय?"

"दोन महिने." खरं तर वर्ष. खोटं का बोलले?

रक्त तपासायची चिठ्ठी दिली. "टाळू नका हं." ती या वहीत ठेवली आहे. काही निघालं तर? बाबांच्या कमरेचं दुखणं आहेच. त्यात मी बसले की घर बसलं.

रविवार, ९ मार्च

बाबांना माझ्या सायकलची भारी काळजी. स्वतः कधी सायकलवर बसले नाहीत, पण रोज संध्याकाळी पक्कड घेऊन ब्रेक आवळतात. आज म्हणाले, "हातगाडीला ब्रेक नसतो गं. उतारावर माल अंगावर आला की पाठच लावावी लागते. आधी थांबता आलं पाहिजे, मग निघायचं."

"घट्ट आहे ना?"

घट्ट आहे, बाबा.

चिठ्ठी अजून इथेच. उद्या जाईन.

सोमवार, १० मार्च

गेले नाही.

मंगळवार, ११ मार्च

पाचवा खांब. सायकल ढकलत होते तेव्हा एक भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन मला मागे टाकून गेली. वळून म्हणाली, "ती तुला नेते का तू तिला?" हसले मी. नंतर डोळ्यांत पाणी आलं. कशाला, काय माहीत. बाई विनोदच करत होती.

बुधवार, १२ मार्च

सापडलं!!

हवा भरायला सायकलवाल्याकडे थांबले. त्याने सहज मागचं चाक उचलून फिरवलं. अर्धा फेरा घेतला आणि गप्प थांबलं.

"ताई, ब्रेक दाबूनच चालवता की काय? कुणी आवळलंय हे? सायकल नाही ही, घाणा आहे!"

मी तिथेच हसत सुटले. म्हणजे मी आळशी नाही, आजारीही नाही — रोज ब्रेक ओढत चढ चढत होते! त्याने ते सैल करून दिले. चिठ्ठी फाडली, चार तुकडे. ब्रेकला कशाला हवी रक्ततपासणी!

घरी सांगितलं. आई म्हणाली, "पोरगी दमते म्हणत होती, ते खरंच होतं म्हणायचं." किती बरं वाटलं! बाबा मात्र हसले नाहीत. "म्हणजे मीच तुला..." म्हणाले. अहो बाबा, उलट सुटले मी!

गुरुवार, १३ मार्च

अकरावा! चाक कसं लोण्यासारखं फिरतं. बाबा दारातच उभे होते. "चढलीस?" मी हो म्हणाले. अकरा म्हणजे जवळजवळ हो. पण वहीत खोटं नको — अकरा.

शुक्रवार, १४ मार्च

सात. वारा उलटा होता. फार नव्हता.

बाबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा मी हो म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

शनिवार, १५ मार्च

तिसरा खांब. वारा अजिबात नव्हता. डोळ्यांपुढे काळं आलं, सायकल आडवी पडली, मी कडेला बसले. मागून बाबा आले. गाडी नाही, हात रिकामे — म्हणजे घरापासून मागे मागे चालत. त्यांनी सायकल उभी केली, मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. ते फिरतच राहिलं. दोघंही बघत होतो.

"म्हणजे ब्रेक नव्हता," बाबा म्हणाले.