साउंड : माणिकराव

दि. ३ मार्च, सोमवार
नात राखी संभाजीनगरहून आली. तिथं ती सिनेमाचं शिकते. आपल्याच स्वयंपाकघरात शॉर्टफिल्म काढणार म्हणे. गोष्ट काय, तर बाई भाकरी करते. मी म्हटलं, यात पाहणारा घाबरेल कुठं? ती म्हणाली, आबा, आवाजानं घाबरेल. म्हणजे बरोबर माणसाकडं आली. गावच्या नाटकात पडद्यामागं पत्रा हलवून मी वीज पाडायचो. पुढं बसलेली पोरं रडायची. मॅट्रिकला राहिलो, नाहीतर याच लाईनीत असतो. उद्यापासून तिला गाईड करणार. सिनेमात नाव आलं पाहिजे. मरायच्या आधी कुठंतरी आलं पाहिजे.

दि. ४ मार्च
गोठ्याचा पत्रा काढला. बोट कापलं. धनुर्वात होतो का, कोणाला विचारावं? पत्रा हलवला तर शेजारच्या कडूबाची गाय दावं तोडून पळाली. कडूबा म्हणे, माणक्या, म्हातारपणी काय लावलं बे हे, गाभण हाय ते. त्याला कलेतलं काय कळतं. राखी म्हणाली, आबा, मोठा आवाज नको, चालू आवाज थांबतो तेव्हा भीती वाटते. फी घेऊन हे शिकवतात.

दि. ६ मार्च
राखीनं मिठाच्या डब्यामागं रेकॉर्डर ठेवला. दिवसभर चालू. मला म्हणाली, नेहमीसारखं वागा. सेल उतरतील म्हणून मला चैन नाही. सारखं आत जाऊन पाहिलं. अर्थात खाकरून. आमच्यात बाप, आजा, सगळे दाराबाहेर खाकरूनच आत यायचे. बायांना पदर सावरायला वेळ मिळतो. हल्ली हे मॅनर्स राहिले नाहीत.

दि. ९ मार्च, रविवार
शूटिंग. भाकरीला सून सारिका. मला ओसरीवर बसवलं, आणि वर आतून दार लावून घेतलं. बीपी वाढलं असणार. बायकोला, पुष्पाला म्हटलं, माझ्याशिवाय यांचं अडणार. ती म्हणाली, हाव. ती नेहमी हावच म्हणते. आमचा संसार असा एकमतानं झाला.

दि. १८ मार्च
राखीचा फोन. साउंडमध्ये तुमचं नाव टाकलं आबा, चालेल ना? चालेल म्हणजे काय. रविवारी खामगावला दाखवणार. कोट उन्हात टाकला. कडूबाला नेणार. पाहू दे त्याला.

दि. २३ मार्च, रविवार
खामगाव. हॉल भरलेला. फिल्ममध्ये पत्रा नाही, वीज नाही. सारिका भाकरी थापते. थप थप. बांगड्या. शेजारी कोणीतरी बाई हसते, दिसत नाही. मग बाहेर काठी वाजते. मग खाकरणं. हसणं तुटतं. बांगड्या थांबतात. भाकरी करपते, तिचाच तेवढा आवाज. तो माणूस पडद्यावर शेवटपर्यंत आला नाही, तरी सगळा हॉल दाराकडं पाहत होता. मागं एक मुलगी म्हणाली, कसला असेल गं हा म्हातारा. कडूबा कानाशी लागला. माणक्या, हा तर तू हायस बे.
मग नाव आलं. टाळ्या पडल्या. कडूबानं वाजवल्या नाहीत. माझ्या घशात खवखवत होतं, दाबून धरलं.

दि. २४ मार्च
रेकॉर्डर स्वस्तातला असावा. माझा आवाज इतका कोरडा नाही. आणि माझ्यामुळं घरात कोणाचं हसणं थांबत नाही, हे आज सिद्धच करायचं ठरवलं. काठी ओसरीवर ठेवली. न खाकरता आत गेलो. पुष्पा आणि सारिका हसत होत्या. पुष्पा तर डोळे पुसत होती. ती असं हसते हे मला माहीत नव्हतं. मला पाहिलं अन् तिच्या हातून परात सुटली. म्हणाली, असे काऊन आले न खाकरता, काळीज हाललं माहं. मी म्हटलं, चालू द्या तुमचं. ती म्हणाली, हाव.
दोघी तशाच उभ्या.
ओसरीवर येऊन बसलो. हसणं पुन्हा सुरू होईल म्हणून कान देऊन. घशात आलेलं गिळलं. संध्याकाळपर्यंत नुसती भांडी वाजली.