उशाशी कोण उभं राहणार

पाला, केरळ, गुरुवार

प्रिय चेच्चीस, तुझा धाकटा भाऊ लूकोस याचा हात जोडून नमस्कार.

येशूची स्तुती असो. तुझी तब्येत, मस्कतचा उन्हाळा आणि तुझ्या सुकुमारन चेट्टनचा खोकला (लिहिलंच एकदाचं त्यांचं नाव, हे पत्र घरात कुणी वाचणार नाहीये) कसा आहे ते सविस्तर कळव. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर क्षेम फक्त म्हशीचं आहे. मिरीचे वेल कुजून मेले. अप्पच्चनना हॉस्पिटलवाल्यांनी घरी पाठवलंय. ‘आता त्यांना आवडेल ते खाऊ घाला,’ असं डॉक्टर म्हणाले. अम्मच्ची खूश झाली, तिला वाटलं पथ्य सुटलं. तू नर्स आहेस, तुला अर्थ कळेल. तुझ्याबद्दलचा वडिलांचा हुकूम मात्र जसाच्या तसा आहे: रजिस्टर कचेरीत लग्न करणाऱ्या पोरीने मी जिवंत असताना दारात यायचं नाही आणि मेल्यावर तोंड बघायचं नाही. आवाज खोल गेलाय, हुकूम ठणठणीत आहे. फोनवर ‘घरी ये’ म्हटलं की तू फोन ठेवतेस, म्हणून आज पत्र, आणि त्यात आधी माझ्या धंद्याची हकिगत.

वेल मेल्यावर मी पोतन अच्चायनकडे फोटोग्राफी शिकायला लागलो. त्यांना कोण ओळखत नाही? आपल्यात माणूस गेला की लोक आधी पोतन अच्चायनना बोलावतात आणि मग फादरना (फादर थांबतात, उजेड थांबत नाही). अंगणात शवपेटी, भोवती सगळं गोत, आणि त्याच्या प्रती आखातात, अमेरिकेत, जिथे जिथे आपली माणसं रडायला मोकळी नाहीत तिथे रवाना. पण शिकवायच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कुलूप. एकच वाक्य: ‘डोळे आहेत ना? बघ आणि शीक.’ मग मी बघितलं. त्यांच्यासारखं कडक पांढरं मुंडू नेसायला लागलो. फोटो काढायच्या आधी ते घसा खाकरतात, ते खाकरणं आरशासमोर बसून शिकलो (अम्मच्चीने तीन दिवस काढा पाजला). त्यांचे जुने आल्बम तर मी प्रार्थनेच्या पुस्तकाहून जास्त वाचले, आणि त्यातून एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक फोटोत उशाशी एक असं माणूस असतं, की त्याच्यामुळे बाकीचं सगळं गोत दुःखी दिसतं. हे माणूस कसं ओळखायचं, असं मी महिनाभर मागे लागून विचारलं तेव्हा अच्चायन एकदाचे बोलले. मयताच्या घरी कॅमेरा उघडण्याआधी स्वयंपाकघरात जायचं आणि काळी कॉफी मागायची. जी साखर घालायला विसरेल, तिला उशाशी उभी करायची. चेच्ची, गुरुमंत्र मिळाला म्हणून मी नाचलो. त्या दिवसापासून मी इतक्या घरची कडू कॉफी प्यालोय की तोंडाला गोड लागतच नाही.

मग अच्चायनची कंबर धरली, आणि कुन्नेलचे मत्तायी वारले तेव्हा त्यांच्या घरी (रबराचे मोठे मळेवाले, अप्पच्चनच्या शाळेतले सोबती) मला एकट्याला जावं लागलं. खाकरलो, स्वयंपाकघरात गेलो, कॉफी मागितली. पायसम परवडलं अशी गोड! तिन्ही सुनांनी आळीपाळीने साखर घातली होती, आणि थोरलीने वर विचारलं, ‘पुरे का रे, की अजून घालू?’ मुलगे पडवीत मळ्याच्या वाटणीबद्दल कुजबुजत होते. उशाशी उभं करावं असं त्या घरात मांजरसुद्धा नव्हतं. ऊन झाडांमागे चाललेलं. मी घाबरून बाहेर आलो, तर कुंपणापलीकडे फणसाखाली एक बाई तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत होती. मला काय, देव पावला! तिचा दंड धरला, ‘चला चेच्ची, उजेड जातोय,’ म्हणत थेट आणून मत्तायींच्या उशाशी उभी केली. सगळ्यांना बजावलं, मत्तायींच्या चेहऱ्याकडे बघा, हलू नका. आणि खाकरलो. चेच्ची, कुणी हललं नाही! श्वाससुद्धा नाही. एवढी शांतता खुद्द अच्चायनच्या फोटोलाही मिळत नाही, असा गर्व मनात घेऊन मी बटण दाबलं. त्यानंतर थोरल्या मुलाने माझी कॉलर धरली.

ती एलिकुट्टी, मत्तायींची एकुलती एक मुलगी. ताडी काढणाऱ्याच्या मुलाबरोबर निघून गेली होती. तिलाही आपल्या घरच्यासारखाच हुकूम होता (हा हुकूम आपल्यात छापील मिळतो की काय, न कळे). तिला तिथल्या तिथे हाकललं. तेवढ्यात फादर आले, पेटी उचलली, म्हणजे फोटो तेवढा एकच. मुलांनी बजावलं, तिला पुसून द्या. अच्चायन पाठीवर पडल्या पडल्या मला म्हणाले, ‘गाढवा, माझं सगळं उचललंस, पण मी कधी कुंपणापलीकडे बघतो का? जे दिसलंच नाही ते पुसावं लागत नाही!’ आणि हातात ब्रश दिला. मी निगेटिव्हवर रंग भरून तिला पुसलं. तेव्हा कुठे कळलं की मत्तायींकडे फक्त तीच बघत होती. बाकीचं सगळं घर आ वासून तिच्याकडे बघत होतं. आता फोटोत सगळे जण एका पांढऱ्या डागाकडे बघतात. अच्चायननी बेधडक सांगितलं, तो आत्मा आहे. कुन्नेलवाल्यांनी मोठी प्रत करून फ्रेम लावली आणि बायका तिच्यापुढे मेणबत्ती लावतात.

पुसण्याआधी एक प्रत मी चोरून छापली होती. एलिकुट्टी दुकानात आली तेव्हा तिला दाखवली. तिने ती बघितली, परत माझ्याकडे दिली (‘घरी नेऊन कुठे लावू?’) आणि म्हणाली, ‘तू खाकरलास तेवढा वेळ अप्पनचं तोंड बघायला मिळालं रे. अजून एकदा खाकरला असतास तर...’ ती गेल्यावर मी अंधाऱ्या खोलीत जाऊन रडलो. धंदा सोडावा असं वाटतं, पण दुसरं येतं काय?

असो. चेट्टनना नमस्कार, मुलीला पापा.

तुझा,
लूकोस

ता. क. अप्पच्चननी अच्चायनना घरी बोलावून स्वतःच्या फोटोची सगळी व्यवस्था लावलीय. जपमाळ उजव्या हातात, कोट लग्नातला, धाकट्या आत्याला मागच्या रांगेत (कोंबड्यांवरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही). उशाशी कोण, हे अच्चायननी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा अप्पच्चननी पाणी मागितलं.

आणखी एक. अप्पच्चन गेल्यावर तू येशील हे मला माहीत आहे, सगळ्याच येतात. ते नको. रजा काढ आणि आत्ता ये. शिव्या देण्याइतका दम त्यांच्यात अजून आहे, पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही.

हे शेवटचं. काल दुपारी ती चोरून छापलेली प्रत मी अप्पच्चनच्या हातात दिली. बराच वेळ धरून होते. मग म्हणाले, ‘म्हणजे पोरीने मत्तायीचं तोंड पाहिलं तर.’ मी म्हटलं, हो अप्पच्चा, पाहिलं. ते भिंतीकडे वळले. मला वाटलं झोपले, म्हणून मी उठलो. तर तसेच पाठमोरे विचारतात, ‘आणि मत्तायीने तिचं?’

चेच्ची, तू लवकर निघ.