दोन फेब्रुवारीपर्यंत स्पॅनिश

६ जानेवारी, सोमवार
सासरी सणाचा गोड पाव कापला. आत लपवलेली बाळाची मूर्ती माझ्या तुकड्यात निघाली. पाव सासऱ्यांनी, डॉन फिदेन्सिओंनी, स्वतः कापला होता. तुकडाही त्यांनीच माझ्या हातात दिला. ज्याला मूर्ती मिळते त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पानगे, खाऊ घालायचे. मेहुणा चेमा म्हणाला, अहो दाजी, आम्ही मूर्ती गिळून गप्प बसतो, तुम्ही काय वर करून दाखवताय! सगळे हसले. माझ्या बायकोने, एउलालियाने, मला ते इंग्रजीत सांगितलं तोवर हसणं संपलं होतं.
संकल्प : दोन फेब्रुवारीला यजमान मी. त्या दिवशी सासऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचं. लग्नाला सहा वर्षं झाली. त्यांचा डावा कान गेला आहे, उजवाही जाईल म्हणतात. आता टाळून चालणार नाही.

८ जानेवारी, बुधवार
पद्धत ठरली. आधी व्याकरण, मग बोलणं. अर्धवट बोलून हसं करून घेण्यापेक्षा एकदाच, पण निर्दोष. शाळेत विद्यार्थ्यांना मी उलट सांगतो : चुका, पण बोला. ते इंग्रजीचं झालं.

१२ जानेवारी, रविवार
सासरी जेवण. आमच्या बार्बेडोसला जेवलं की उठतात. इथे ताटं रिकामी झाली तरी कोणी हलत नाही. दालचिनीची कॉफी येते, डॉमिनोच्या सोंगट्या येतात, अंधार पडेपर्यंत नुसत्या गप्पा. मला एवढा वेळ नाही. नेहमीप्रमाणे उठलो, सगळ्यांची भांडी घासली, मागच्या खोलीत भूतकाळ पाठ करायला बसलो. भिंतीपलीकडे हसत होते. बहुधा मलाच. अभ्यास झाला नाही.
मी उठताना सासूबाई म्हणाल्या, राहू द्या हो जावईबापू, भांडी काय पळून जाणार आहेत? सगळं समजलं. प्रगती आहे.

१९ जानेवारी, रविवार
सासरे मला कायम त्यांच्या उजवीकडची खुर्ची देतात. दाराशी आहे, पाठीला वारा लागतो. एउलालियाकडे तक्रार केली. ती म्हणाली, तो त्यांचा चांगला कान आहे, बाबा तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. मी म्हणालो, असू दे, दाराजवळ म्हणजे भांडी न्यायला सोपं.

२४ जानेवारी, शुक्रवार
भविष्यकाळ सोडून दिला. भाषण तयार आहे. छोटं. एउलालिया म्हणाली, माझ्यासमोर म्हणून बघ ना, मी काय परकी आहे? नको म्हणालो. तिने चुका काढल्या असत्या.

२९ जानेवारी, बुधवार
सासऱ्यांना सर्दी झाली. उजवा कान बंद. डॉक्टर म्हणाले, परत ऐकू येणं कठीण आहे. एउलालिया रडली. मी धीर दिला.
एका परीने दडपण कमी झालं. माझे उच्चार कच्चे आहेत.
वरची ओळ खोडायला हवी.

२ फेब्रुवारी, रविवार
कोआतेपेकच्या मंडईतून तामाले आणले, केळीच्या पानात बांधलेले. जेवणं झाली. कॉफी अजून यायची होती. मी उभा राहिलो.
पहिलं वाक्य म्हणालो : बाबा, मला तुमच्याशेजारी बसून बोलायचं आहे. बरोबर आलं. चेमासुद्धा गप्प झाला. एउलालियाने तोंडावर हात धरला.
सासरे माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हसले. माझा हात थोपटून खूप मोठ्याने म्हणाले, जा जावईबापू, जा. तुमचं काम उरका. आम्ही काय, बसलोच आहोत.
मी उभा राहतो तो भांड्यांसाठी. सहा वर्षं त्यांनी तेच पाहिलं आहे.
मी आत गेलो.
घासायला काही नव्हतं. सगळे पानांतच जेवले होते. तरी नळ सोडला. बाहेर आवाज जावा म्हणून.
थोड्या वेळाने लक्षात आलं, ज्यांना ऐकवायचा त्यांना तो ऐकू येणार नाही.
नळ बंद केला.