रिकाम्या जागेसाठी एक नाव

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी हे बोललो? मी?!

सकाळी सुदर्शनचा फोन — "सर, ओतूरला या, जरा काम व्हतं." सुदर्शन म्हणजे साहेबांचा पीए. साहेब आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, मंत्रिमंडळात त्यांच्या शब्दाला वजन. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. विधान परिषदेत राज्यपालांनी नेमायची एक जागा रिकामी आहे म्हणे. समाजसेवेसाठीची. साहेबांना तिथे आपल्याकडचं एक नाव सुचवायचंय.

"बाईमाणूस असलं तर बरं. आन् सर, राग नका मानू, तुमच्या समाजातलं असलं तर लईच बरं. डिंगोऱ्याच्या द्रौपदाबाईंचं नाव निघालंय. तुमी जवळून वळखता. कशा हायेत?"

उत्तर अगदी सोपं होतं. बाई सोनं आहे — एवढं म्हणायचं आणि चहा प्यायचा.

मी म्हणालो, "काम चांगलंय. पण शाळेची पायरी चढलेली नाही. सभागृहात काय बोलणार? उद्या साहेबांचंच हसं व्हायचं." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जीभ सुटली होती. "आणि ती जाळीची ट्रॉली... ती कल्पना तशी माझीच."

सुदर्शनने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मग तुमीच का न्हाई, सर?"

मी नाही म्हणालो नाही.

१३ फेब्रुवारी

ट्रॉली तिची. निदान इथं तरी खरं लिहितो.

तीन वर्षांपूर्वी बोरी बुद्रुकला कांदा काढणी चालू होती. बाया वाफ्यात, पोरं बांधावर चादरीवर. उसातून बिबट्या आला आणि एका बाईचं लेकरू घेऊन गेला. पंचनामा झाला, पिंजरा लागला, सगळे आपापल्या घरी गेले. बायांच्या टोळीची मुकादम द्रौपदाबाई घरी बसली नाही. भंगारातून एक मोडकी ट्रॉली आणली, चारी बाजूंनी आणि वरून लोखंडी जाळी वेल्ड करून घेतली. आता बाया ज्या शेतात कामाला जातात तिथे आधी ट्रॅक्टर ती ट्रॉली ओढत नेतो. पोरं आत, त्यांच्याबरोबर एक म्हातारी, बाहेरून कडी. शेतमालकांना तिचं एकच सांगणं — "ट्रॉली न्हाई तर कांदा बी न्हाई." आधी हसले सगळे. माणसांची पोरं पिंजऱ्यात आणि बिबट्या मोकळा! आता तेच मालक फोन करून विचारतात, ट्रॉली कधी येणार.

मी काय केलं? अर्ज लिहिले. पत्रकार आले की ती म्हणायची, "सरांना इचारा, त्यांना नीट सांगता येतं." मग मी सांगायचो. सांगता सांगता फोटो माझे छापून यायला लागले. मी पण ते कापून ठेवायला लागलो.

१७ फेब्रुवारी

उभी हयात नागरिकशास्त्र शिकवलं. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा — या क्षेत्रांतले विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेले बारा सदस्य राज्यपाल नेमतात. पोरं घोकायची. एखादं आगाऊ कार्टं विचारायचं, "पण सर, राज्यपालांना ही माणसं सापडतात कुठं?" मी म्हणायचो, पुढचा धडा काढा.

आता कळलं. सही राज्यपालांची. नावं पाठवतं मंत्रिमंडळ. आणि मंत्रिमंडळाकडे नाव जातं ते स्टँडसमोरच्या हॉटेलातून, दोन कटिंगवर!

२० फेब्रुवारी

यशोधराला सांगितलं. अर्धंच.

ती कणीक मळत होती. हात थांबले. "तुमचं नाव? आणि द्रौपदाबाईंचं का नाही?"

"त्यांना लिहिता-वाचता येत नाही ना."

"तुम्हाला येतं, तर तुम्ही काय दिवे लावलेत?" आणि परत मळायला लागली. माझी बायको मस्करीत बोलते तेव्हाच जास्त लागतं. तिला सगळं कळलं तर? ताटात वाढणार नाही मला.

१ मार्च

सुदर्शनचा फोन नाही. सारखा मोबाइल बघतोय. लाज वाटते ती याचीच — बोललो त्याची कमी, वाट बघतोय त्याची जास्त.

६ मार्च

फोन आला! "सर, कामाचे फोटू पायजेत. आन् एखादा व्हिडिओ करा, लोकं तुमच्याबद्दल बोलतायत असा. साहेबांना वर दाखवायचाय."

बोरीला गेलो. द्रौपदाबाई वाफ्यातच होत्या, कमरेला पदर खोचून. मी अडखळत सांगितलं — असं असं आहे, माझं नाव चाललंय. माझी नजर काही वर होईना.

त्यांनी हातातला कांदा पाटीत टाकला. "आरं, मग ह्ये तर लई ब्येस झालं, भाऊ!" लगेच बायांना हाका. ए, इकडं या गं, सरांचा फोटू काढायचाय. मला ट्रॉलीसमोर उभं केलं. एक पोर माझ्या कडेवर दिलं, त्याने भोकाड पसरलं. "तुमी बी या की," मी म्हणालो. "मला नगं. उन्हानं डोळं बारीक व्हत्यात माझं."

मग व्हिडिओ. भाचा आदेश मोबाइल धरून. बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या सरांनी ही ट्रॉली काढली. त्यांच्या डोक्यातनं निघाली. आमी नुसत्या सांगितलं तसं केलं."

मी असं बोला म्हटलं नव्हतं! बाईंची रीतच तशी, सगळं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं — अशी मनाची समजूत घातली. आदेशला म्हणता आलं असतं, बंद कर, परत घे. नाही म्हणालो. उलट घरी येऊन आवाज नीट आलाय का ते तपासलं.

७ मार्च

व्हिडिओ पाठवला. साहेबांकडून अंगठा आला.

२४ मार्च

नाव राजभवनावर गेलं. सुदर्शन म्हणतो, आता राज्यपाल सही कधी करतील त्याचा नेम नाही, चार दिवसांत होईल नाहीतर पडून राहील. मनातल्या मनात म्हणतो, पडून राहू दे. पुन्हा म्हणतो, नको, होऊ दे.

आदेशने ओतूरच्या चौकात फ्लेक्स लावलाय. माझा चेहरा त्यावरच्या महापुरुषांच्या ओळीत, खाली 'भावी आमदार'. म्हटलं, काढ तो. तो म्हणाला, "राहू द्या ना मामा." मी राहू दिला. तिथून जाताना मान खाली घालून जातो, आणि जातो मात्र त्याच रस्त्याने!

८ एप्रिल

सही झाली. मीच.

फोन थांबेना. यशोधराने तोंडात साखर घातली आणि मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं आनंदाने. ती मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

आता तरी सांगावं. नाव परत घ्या म्हणावं. लोक काय म्हणतील? वेडा म्हणतील. आणि खरं सांगितलं तर चोर म्हणतील. चोरच आहे मी. चोराला निदान पकडल्यावर मार तरी मिळतो — मला पेढे भरवतायत.

१४ एप्रिल

जयंती. डिंगोऱ्याच्या विहारात वंदना झाली, मग मिरवणूक, मग माझा सत्कार. बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आजच्या दिवशी, मी! फोटोकडे एकदाही बघवलं नाही.

निळा फेटा द्रौपदाबाईंनी बांधला. बायांनी टाळ्या वाजवल्या. बांधता बांधता हळूच म्हणाल्या, "भाऊ, तिथं गेल्याव येक काम कर. जिथं जिथं बिबट्या हाय तिथं सरकारनं ट्रॉली द्याया पायजे. ह्ये बोलाचं म्हंजे बोलाचंच. इसरायचं न्हाई."

माइक माझ्या हातात दिला. सांगून टाकायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं! समोर बाया बसलेल्या, त्यांच्या मांडीवर पोरं. म्हटलं, "हा सन्मान माझा नाही..." पुढे तोंडातून निघालं, "...तुम्हा सगळ्यांचा आहे." आणखी टाळ्या. काय सफाईदार खोटं बोलतो मी. माझी मलाच किळस आली.

१६ एप्रिल

सुदर्शन शपथविधीचं सांगायला आला होता. परवा निघायचं. खुशीत होता. जाता जाता म्हणाला, "सर, खरं म्हंजे तुमचं नाव पक्कं केलं ते द्रौपदाबाईंनीच. आपण चहा प्यायलो ना, त्याच दुपारी मी डिंगोऱ्याला गेलो व्हतो. तुमी जे बोल्ला ते सगळं त्यांना सांगितलं. अडाणी, सभागृहात हसं होईल, ट्रॉली बी तुमचीच — समदं. म्हटलं, खरं हाय का? त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, 'भाऊ म्हनला ना? मंग त्याचीच आसंल. त्यालाच पाठवा. त्याला बोलता येतंय.'"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.