पदरातलं मीठ

तिसगाव, मार्च १९७१, शुक्रवार संध्याकाळ

दवाखान्यातून आत्ताच आले, पण हौसाच्या पदराची ती गाठ डोळ्यांपुढून हलत नाही. तपासताना सुटली आणि खडेमीठ खाटेवर सांडलं. सासू उसळली, "बघा डाक्तरीनबाई, चोरून मीठ खाती. त्यानंच काळी पडली. मी अळणी भाकर घालतीया, तरी दिसंदिस खंगतीच हाय."

उठवून बसवलं की पोरीचा रक्तदाब कोसळतो. हिरड्यासुद्धा काळ्या. मूत्रपिंडावरची ग्रंथीच निकामी झाली असणार, दुसरं काय? क्षयाने खाल्ली असेल का? त्या ग्रंथीचा हार्मोन नसला की सोडियम परत ओढून घ्या, असं मूत्रपिंडाच्या पेशींना सांगणारं कोणी उरत नाही. ते ओढायला लागणारी ऊर्जाही त्याच हुकमावर तयार होते. म्हणजे अंगातलं मीठ लघवीवाटे चाललंय, आणि घरच्यांनी ताटातलंही काढून घेतलं.

सलाईन लावलं. दुपार कलली तशी हौसा भिंतीला टेकून बसली, चहा मागितला. सासूने हळूच विचारलं, "बाटलीत कसलं औषध हाय?"

"मीठ," मी म्हटलं.



सलाईनवर किती दिवस काढणार? हार्मोनच्या गोळ्या हव्यात. उद्या पहिल्या गाडीने हौसाला नगरला नेणार, तिथे नाही मिळाल्या तर पुण्याला. घरचे नको म्हणाले तरी मी ऐकणार नाही.

पण म्हणतील असं वाटत नाही. निघताना पाहिलं, सासू खाटेवरचे खडे वेचून सुनेच्या पदरात बांधत होती.