आधी आवाज द्यायचा

प्रिय दादा,

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला ठाऊक नाही. तरी लिहिते. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कधी करमलंय?

यांचं घड्याळांचं दुकान फुटलं, तेव्हा परवान्यासाठी तूच खेटे घातलेस. पिस्तूल यांच्या हातात देऊन म्हणालास, "हे घरात असलं की चोर फिरकायचा नाही." खरंय तुझं. चोर फिरकला नाही.

पण यांची झोप उडाली. दुपारी जरा आडवे झाले तरी पिस्तूल उशाशी, आणि पाऊल वाजलं की हात तिकडे. म्हणून आम्ही नियम केला: खोलीत शिरण्याआधी "मी आहे" म्हणायचं. चिमीनं तो दूधवाल्यालासुद्धा शिकवला. तुला तर दोनदा बजावलं. तू हसलास, "मामाला कसले गं नियम!" आणि त्या दुपारी मांजराच्या पावलांनी आलास, झोपलेल्या मेहुण्याचे डोळे झाकायला.

पिस्तूल पोलिसांनी नेलं, यांना जामिनावर सोडलं. यांचा हात अजून उशाखाली चाचपडतो.

काल दुपारी मी चिमीची वेणी घालत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"मी आहे."

तुझाच आवाज. मी धावत जाऊन दार उघडलं, तर जिना रिकामा. आतून हे ओरडले, "कोण आहे?"

चिमीनं मान वळवून पाहिलंही नाही. अर्धी वेणी हातात धरून म्हणाली,

"मामा आहे, बाबा. शिकला एकदाचा."

तुझी,
भांडकुदळ